गोलाईच्या आसपास : बार्शी लाईटचं शेवटचं स्टेशन

लातूरच्या गोलाई चौकातल्या सराफ लाईनचा फेरफटका पुढच्या आठवड्यावर ढकलावा लागतोय. कारण चाकूरहून आलेलं एका वाचकाचं पत्र. लातूर रोड स्टेशन चाकूर तालुक्यात, लातूर तिथून तीसेक किलोमीटर. मग नाव लातूरचं कशाला, असं त्यांनी विचारलंय. आणि जाता जाता एक टोलाही हाणलाय : गोलाईचं एवढं कौतुक चाललंय, त्यात रेल्वे कुठंच कशी नाही?

नावाचं कोडं सोपं आहे. रूळ गावात जात नसतील तर गावाकडे सडक फुटते तिथं स्टेशन करायचं आणि नावापुढे ‘रोड’ जोडायचं, ही रेल्वेची जुनी रीत. नाशिक रोड सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडे कळंब रोड आहे, औसा रोड आहे. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बिदर, उदगीर करत परळीकडे मोठी लाईन नेली ती लातूरला बाजूला ठेवून. लातूरकडे वळण्याची जागा म्हणून हे स्टेशन लातूर रोड झालं.

मात्र लातूरच्या बाजारपेठेला रूळ भेटले होते ते भलत्याच दिशेने, पश्चिमेकडून. ती बार्शी लाईट. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट, तर मोठ्या लाईनचं साडेपाच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढ्यावर हा संसार मांडला. रूळ हलके, खर्च बेताचा, पण एका चाकजोडीवर पाच टनांपर्यंत भार पेलायचा, असं त्याचं गणित. ते जमलं. 1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली. दुसरं टोक येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड करत 1911 मध्ये लातूरला येऊन थांबलं. (याच कॅलथ्रॉपने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. माणूस उचापती होता, आणि त्याच्यावर एक अख्खा भाग लिहायचा मोह आवरणं कठीण आहे.)

1911 हेच मीर उस्मान अली खान गादीवर आल्याचं साल. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, लातूर निजामाच्या मुलखात. म्हणजे ही इवलीशी गाडी दोन राज्यं जोडत होती. हद्द ओलांडली की करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. नाणंही बदलायचं : अलीकडे निजामाचं हाली, पलीकडे इंग्रजांचं कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार पडायचे. गंज बाजारातल्या आडत्याला तुरीचा भाव नुसता कळून भागत नसे. रक्कम कोणत्या शिक्क्यात हातात पडणार, हेही सौदा करतानाच पाहावं लागे.

आणि हमाली! लातूरला डब्यात चढवलेलं पोतं थेट मुंबईला पोचत नसे. कुर्डुवाडीला अडीच फुटी रूळ संपत. तिथं डबा रिकामा करायचा, पोतं पाठीवर घ्यायचं आणि मोठ्या लाईनच्या वाघिणीत पुन्हा थप्पी लावायची. पोत्यामागे हा दुहेरी खर्च व्यापाऱ्याने वर्षानुवर्षं सोसला, कारण बैलगाडीपेक्षा तो परवडत होता.

आता गोलाईकडे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा आराखडा, मधोमध दुमजली गोल इमारत, पोटात अंबाबाईचं मंदिर आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते, हे मागच्या भागांत येऊन गेलंय. ती इमारत उभी राहिली ते 1917 हे साल फक्त पुन्हा पाहावं. गाडी आल्यावर सहा वर्षांनी. चौकाची आखणी देखणी आहेच, पण नुसत्या कंपासाने पेठ वसत नाही. भुसार, गूळ, मिरची, कापड, सोनं यांना वेगवेगळ्या लाईनी लागाव्यात इतका माल इथं येऊन पडत होता. आणि तो इथंच पडत होता, कारण गाडी पुढे जात नव्हती. शेवटचं स्टेशन असण्याचा लाभ लातूरने पुरेपूर उठवला. पुढे मोठी लाईन जवळून गेली, लातूर रोडला जंक्शनही झालं, पण पेठ जागची हलली नाही.

बार्शी लाईट कंपनी सरकारने 1954 मध्ये विकत घेतली, तरी छोटी गाडी चालू राहिली ती या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. 2007-08 मध्ये लातूर ते कुर्डुवाडी रूळ रुंद झाले; नवा मार्ग धाराशिव शहराला हात लावून गेला, जुना येडशीवरूनच जायचा. लातूरकरांचं स्टेशन पेठेपासून लांब गेलं. तरी ‘जुनी रेल्वे लाईन’ आणि ‘सिग्नल कॅम्प’ हे पत्ते आजही चालतात, रिक्षावाल्याला समजावून सांगावं लागत नाही.

एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली, दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर : कॅलथ्रॉपच्या कंपनीने विणलेलं जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत, फक्त रूळ रुंद. पुढच्याच वर्षी मुंबई-लातूर एक्सप्रेस बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. भरलेली गाडी आपल्या स्टेशनात येणार, हे कुणाला रुचेना.

चाकूरच्या वाचकांसाठी एवढं आणखी : लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मोडतं, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. तक्रार करायची तर अर्ज कुठं धाडायचा, ते आधी पाहून घ्यावं.