हाफ क्लचवरचा घाट

तळेगावच्या एका तरुण वाचकाने विचारलंय: ‘गाडी रीमॅप करून घेतली, ताकद वाढली. आता घरच्या पार्किंगमध्येच जास्त ताकदीची क्लच प्लेट आणि कडक स्प्रिंगा बसवाव्यात म्हणतो. खंडाळ्याच्या घाटात फरक पडेल ना?’

पडेल. बरा की वाईट, एवढंच पाहायचं.

जुलैतल्या रविवारी लोणावळ्यातल्या भुशी डॅमच्या रस्त्याला लागलं की धुकं, भाजलेली कणसं आणि डिझेल यांच्यात आणखी एक वास मिसळलेला असतो. एकदा घेतला की तो विसरता येत नाही. कुणाचा तरी क्लच जळत असतो. पुढची गाडी दोन हात सरकते नि थांबते. मागचा पठ्ठ्या हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो. गाडी जागेवर उभी, म्हणजे काही झिजत नाही असा त्याचा समज.

हिशेब मांडू. गाडी १२०० किलोची, चढ दहात एक. ती मागे घसरू नये म्हणून सुमारे ११८० न्यूटन बल लागतं. चाकापासून पहिल्या गिअरमधून उलटं मागे आलं की क्लचपाशी ते साधारण २५ न्यूटन-मीटर भरतं. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय आणि गिअरबॉक्सचा दांडा ठप्प. क्लचच्या या घसरणीत वाया जाते जवळजवळ ४ किलोवॉट शक्ती. म्हणजे न्हाणीघरातले दोन गिझर, पण पाण्याविना! तापायला आहे ते फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं बीड. ते पाच किलो धरलं, तर मिनिटाला शंभरेक अंशांनी चढतं.

आता गंमत पाहा. हे ४ किलोवॉट चढावर, गाडीच्या वजनावर आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरले. प्लेट किती महाग, याचा त्यात कुठे उल्लेखच नाही. काही हजारांची प्लेट काढून पन्नास हजारांची घातली तरी तेवढीच उष्णता निघणार. धातूची पूड भाजून केलेल्या प्लेटा ती जास्त सोसतात हे खरं, पण हलक्या हाताने पकडणं त्यांच्या स्वभावात नाही. बटण दाबावं तशा पकडतात. भुशीच्या रांगेत त्या गाडीला गचके खायला लावतील, आणि वर जड पेडलने डावा गुडघा दुखेल तो वेगळाच.

प्लेट मोठी घेतली तर? मोठा पृष्ठभाग, मोठी पकड, असं कुणालाही वाटतं. फ्रान्सच्या आमोंतों या शास्त्रज्ञाने १६९९ साली सांगितलं की घर्षण दाबावर अवलंबून असतं, क्षेत्रफळावर नाही. तिथल्या विज्ञान अकादमीतल्या विद्वानांना हे पटेना, म्हणून प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले आणि आमोंतोंच बरोबर निघाला. त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दोने हेच वहीत टिपून ठेवलं होतं, पण वही वाचतो कोण! मोठ्या व्यासाची प्लेट जास्त पेलते ती लांब पान्यासारखी, मध्यापासूनचं अंतर वाढल्यामुळे. क्षेत्रफळ कामी येतं ते उष्णता पसरायला आणि झीज लांबवायला.

मग ‘स्टेज टू’, ‘स्टेज थ्री’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या जास्त ताकदीच्या प्लेटा कुणासाठी? लोणावळ्यापुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथे एकदाच सुटायचं असतं, तेही इंजिनाची सगळी ताकद घेऊन. तिथे ही प्लेट पैसे वसूल करते. बाकी हे ‘स्टेज’ विकणाऱ्यांनीच ठरवलेले. एकाचा टू तो दुसऱ्याचा थ्री असू शकतो.

स्प्रिंगांचा विषय निघाला की मला मॉरिस ओली आठवतो. स्ट्रटवाल्या मॅकफर्सनचं नाव गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असतं, ओलीचं इंजिनिअरांनाही नसतं. रोल्स-रॉइसमधून तो १९३० साली अमेरिकेतल्या कॅडिलॅकमध्ये आला. दोनच वर्षांत त्याने एका लांबलचक लिमोझिनला पुढे-मागे हलवता येतील अशी वजनं लावली, स्प्रिंगा बदलल्या, माणसं बसवली आणि गाडी हाकत राहिला. पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक ठेवण्याची तेव्हाची रीत होती. ओलीला उलटंच दिसलं: पुढचा भाग सावकाश डोलला पाहिजे, मागचा जरा लवकर.

कारण साधं आहे. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर असेल, तर पुढच्या चाकाने खाल्लेला खड्डा मागचं चाक सेकंदाच्या आठव्या भागानंतर खातं. मागची बाजू उशिरा डोलू लागते, पण तिचा झोका जलद असल्याने ती पुढचीला गाठते. मग दोन्ही टोकं बरोबरीने वरखाली होतात. नाहीतर गाडी होडीसारखी नाक वर-खाली करत राहते. हाच ओली पुढे पहिल्या कॉर्व्हेटच्या चासीमागे होता, म्हणजे वेगाच्या गाड्यांशी त्याचं वैर नव्हतं. (कॅडिलॅक आणि कॉर्व्हेट ज्या जनरल मोटर्सच्या, तिचा कारखाना पत्र लिहिणाऱ्याच्या तळेगावातच २००८ ते २०२० चालला. आता तिथे ह्युंदाई आहे.)

तेव्हा फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की ओलीचं गणित बिघडलं. शिवाय स्प्रिंग दुप्पट कडक झाली की झोका १.४ पट जलद होतो, आणि जुना शॉकअप त्याला आवरू शकत नाही. ओल्या, उखडलेल्या वळणावर असं चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारतं. आणि जे चाक हवेत आहे ते गाडी वळवत नाही.

घरी करायचंच असेल तर एक आकडा लक्षात असू द्या. नेहमीच्या गाडीच्या स्ट्रटमधली स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबून धरली की तिच्यात जवळजवळ २८० ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलो वजन एका मजल्याच्या उंचीवरून पडल्यासारखा तो तडाखा, आणि तो अडवून धरतात स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे दोन हुक. हुक गंजके वा भाड्याचे असतील तर हे काम गॅरेजमध्येच न्या. क्लच उघडलात तर आतल्या धुळीवर फुंकर मारू नका. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. गिअरबॉक्स नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका.

त्याआधी मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू वेगापासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. इंजिनाचे फेरे चढले पण वेग त्या मानाने चढला नाही, तर प्लेट घसरते आहे, बदला. नाहीतर जुनीच पुरे. काय आढळलं ते मला नक्की कळवा.