सुटलेल्या बॉम्बला नवा पत्ता

विमानातून टाकलेल्या बॉम्बवर वैमानिकाचा ताबा तो सुटेपर्यंतच असतो, हे गृहीत धरूनच हवाई युद्धाची आखणी दीर्घकाळ होत आली आणि बॉम्ब अचूक करण्याच्या खटाटोपाचा बराचसा इतिहास हे गृहीत खोटे पाडण्याच्या प्रयत्नांचा आहे. उत्तर व्हिएतनाममधील थान्ह होआ येथील पूल 1965 पासून शेकडो उड्डाणे होऊनही उभाच राहिला होता. मे 1972 मध्ये लेझरच्या साहाय्याने मार्ग शोधणाऱ्या बॉम्बांनी तो निकामी केला. या पद्धतीत लक्ष्यावर लेझरचा झोत रोखला जातो आणि परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा माग काढत बॉम्ब खाली येतो. मात्र झोत धरणाऱ्याला बॉम्ब आदळेपर्यंत तो धरून ठेवावा लागतो आणि मध्येच ढग किंवा धूर आला, तर माग तुटतो. 1991 च्या आखाती युद्धात ही अडचण पुरेशी जाणवली.

त्यावरचा उपाय म्हणून आलेला ‘जेडॅम’ हा मुळात साध्या बॉम्बच्या शेपटीला जोडण्याचा संच होय. त्यातील जडत्वीय यंत्रणा बॉम्बच्या स्वतःच्या हालचाली मोजून तो कोठे आहे याचा हिशेब ठेवते, उपग्रहांचे संकेत त्या हिशेबातील चूक सुधारत राहतात आणि बॉम्ब आधी भरून दिलेल्या अक्षांश-रेखांशांकडे जातो. ढगांचा प्रश्न त्यामुळे मिटला, पण बॉम्ब पाहतो ते लक्ष्य नव्हे तर केवळ जागा, ही नवी मर्यादा उभी राहिली. कोसोवोच्या युद्धात 7 मे 1999 रोजी बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर असेच बॉम्ब पडले आणि तिघे मारले गेले. युगोस्लाव्हियाच्या शस्त्रखरेदी कार्यालयाची जागा नकाशावर चुकीची ठरवली गेली, असा खुलासा अमेरिकेने केला. चीनला तो पटला नाही. खुलासा खरा मानला, तर बॉम्ब चुकलेच नव्हते, आणि अचूकतेच्या गौरवात नेमकी हीच बाब झाकली जाते.

चालत्या लक्ष्यापुढे तर अक्षांश-रेखांश फारच लवकर शिळे होतात. पंख उघडून साठ-सत्तर किलोमीटर तरंगत जाणाऱ्या बॉम्बला पोहोचायला काही मिनिटे लागतात आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक दर मिनिटाला एक किलोमीटर पुढे सरकतो. तेव्हा बॉम्ब हवेत असतानाच त्याला नवा पत्ता कळवणे भाग होते. वॉलआयसारख्या जुन्या शस्त्रांच्या काही आवृत्त्यांत दूरचित्रवाणीच्या चित्रासाठी रेडिओदुवा होता खरा, पण तो एक शस्त्र आणि त्याचे नियंत्रण करणारे एक विमान यांच्यापुरताच असे. जाळ्याशी जोडलेल्या शस्त्रांनी ही खासगी जोडी मोडली.

अमेरिका आणि नाटो देशांच्या ‘लिंक-16’ या जाळ्यात बारा सेकंदांचा कालखंड 1536 खाचांत विभागलेला असतो. म्हणजे एका सेकंदाला 128 खाचा पडतात आणि सहभागी विमान, जहाज किंवा जमिनीवरील केंद्र आपापल्या खाचेत ठरावीक साच्याचा, सांकेतिक केलेला संदेश पाठवते. प्रसारणाची वारंवारता 51 वारंवारतांमध्ये सतत उड्या मारत असल्याने शत्रूला ते दडपणे कठीण जाते. बॉम्बला याच जाळ्यात जागा मिळाली की तो आपली स्थिती कळवू शकतो, लक्ष्याची नवी जागा स्वीकारू शकतो आणि ज्या विमानाने तो टाकला ते माघारी वळले, तरी दुसऱ्याच्या सूचना घेऊ शकतो. अमेरिकी नौदलाच्या जेएसओडब्ल्यू सी-1 या तरंगत्या शस्त्रात चालत्या जहाजांसाठी ही सोय करण्यात आली.

स्टॉर्मब्रेकर या बॉम्बमध्ये ही कल्पना बरीच पुढे गेलेली दिसते. सुमारे 93 किलो वजनाचा हा बॉम्ब चालत्या लक्ष्यावर जवळजवळ 72 किलोमीटरवरून सोडता येतो आणि 2020 मध्ये अमेरिकी हवाईदलाने तो एफ-15ई विमानांवर वापरण्यास मान्यता दिली. त्याच्या नाकात मिलिमीटर तरंगांचे रडार, उष्णतेचे चित्र टिपणारा कॅमेरा आणि लेझरचा संवेदक असे तीन डोळे आहेत, तर संपर्कासाठी लिंक-16 शिवाय जमिनीवरील सैनिकांशी बोलणारा दुसरा रेडिओही आहे. वाटेतील जागेची सुधारणा जाळ्याकडून येते. शेवटच्या टप्प्यात मात्र बॉम्ब स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवतो. संपर्क तुटला तरी काम सर्वस्वी थांबू नये, अशी ही वाटणी आहे.

भारतात पुण्याच्या एआरडीई या प्रयोगशाळेच्या सहभागातून घडलेल्या ‘गौरव’ या तरंगत्या बॉम्बची ऑगस्ट 2024 मधील चाचणी जडत्वीय आणि उपग्रहाधारित मार्गनिर्देशनावर झाली, म्हणजे वर सांगितलेल्या जेडॅमच्या टप्प्याची ती रीत होय.

जाळ्यामुळे बेलग्रेडसारख्या चुका टळतील, असे मात्र मानता येत नाही. ज्याला चूक उमगली त्याला ती बॉम्ब हवेत असताना दुरुस्त करता येईल किंवा हल्ला रद्दही करता येईल, ही सोय मोठीच आहे. पण चुकीची नोंदही तितक्याच झपाट्याने सर्वांच्या पडद्यावर पोहोचते आणि अनेक ठिकाणी दिसल्यामुळे ती खरी वाटू लागते. शिवाय खाचा मोजक्याच असल्याने त्यांचे वाटप आणि सांकेतिक किल्ल्या विमान उडण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात. त्यामुळे सुटलेल्या बॉम्बला कोणी वळवायचे आणि कोणी थांबवायचे, याचा बराचसा निकाल मोहीम आखणाऱ्यांच्या टेबलावर, ट्रक कोठे असेल हे कोणालाच ठाऊक नसताना लागलेला असतो.