गडावर पाणी कुठाय?

मंडळी, शीर्षक वाचून इतिहासाचा लेख समजू नका. हा लेख कॉम्प्युटर गेमवर आहे, नेमकं सांगायचं तर माइनक्राफ्टमध्ये घर, तळ, किल्ला कसा बांधावा यावर. (रेक्टर सरांनी इथेच पान उलटलं तरी चालेल!)

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2009 मध्ये स्वीडनच्या मार्कस पर्सनने तो लोकांसमोर आणला, पूर्ण आवृत्ती 2011 मध्ये आली. सगळं जग एक-एक मीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचं. डोंगर फोडा, ठोकळे गोळा करा, हवं ते बांधा. क्रिएटिव्ह मोडमध्ये सगळं फुकट मिळतं, मरणही नाही. सर्व्हायव्हल मोडमध्ये मात्र भूक लागते, प्रत्येक दगड स्वतः खणावा लागतो आणि वीस मिनिटांचा एक दिवस संपत आला की अंधारातून झोंबी, धनुष्यवाले सांगाडे, कोळी आणि क्रीपर निघतात. क्रीपर म्हणजे हिरवं, मुकं, चार पायांचं प्रकरण. जवळ येतं, फुस्स करतं आणि तुमच्या भिंतीसकट फुटतं.

आता मूळ गोष्ट. आमची डोंबिवलीतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि घरचे ठाण्याला घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले. धाकटा भाऊ सातवीत. जुन्या कंपाउंडमध्ये आम्ही दर दिवाळीला किल्ला करायचो. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला की दप्तर फेकून माती आणायला. कुठेतरी पाया खणलेला असायचाच! विटा, गोणपाट, वर चिखलाचा लेप, त्यावर अळीव पेरायचे. मावळे मापाने किल्ल्यापेक्षा मोठे आणि गुहेतला वाघ मावळ्यांपेक्षा मोठा. पहिल्या आंघोळीनंतर मोठी मंडळी नटूनथटून फडके रोडला जायची, आम्ही मात्र किल्ल्याला पाणी मारत बसायचो.

नव्या ठिकाणी खाली सगळे पेव्हर ब्लॉक. मातीचा गोळा नेला तर वॉचमन अंगावर येतो. तेव्हा भावाने किल्ला माइनक्राफ्टमध्ये बांधायचं ठरवलं आणि मला हॉस्टेलवर फोन केला, "दादा, रायगड बांधतोय. अख्खा. खऱ्या मापाचा."

मी कागद घेतला. रायगड समुद्रसपाटीपासून 820 मीटर. या खेळात तळापासून आभाळापर्यंत सगळी उंचीच 384 ठोकळे, त्यातले समुद्राच्या वर जेमतेम अडीचशे. रायगड मावत नाही! बराच वेळ फोनवर शांतता. मग म्हटलं, आपला दुर्गाडी घे. कल्याणहून भिवंडीकडे जाताना पुलाच्या अलीकडे दिसतो तो. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर खाडीकाठच्या छोट्या टेकडीवर उभा राहिलेला किल्ला, मराठी आरमाराची सुरुवातही तिथलीच सांगतात. टेकडी बुटकी, पाणी पायाशी. खेळात अशी जागा दहा मिनिटं हिंडलं तर सापडते.

सापडली. चार दिवसांत त्याने सरळसोट चौकोनी तट घातला, मधोमध लाकडी दार, आत वाडा. फोटो पाठवला, दिसायला झकास होता. पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला फोन, रडवेला आवाज. क्रीपर वाड्याच्या आतच निघाला, निम्मा वाडा गेला, पेटीतलं सामान विखुरलं. "मी क्रिएटिव्हमध्येच बांधतो, दादा. तिथे कोणी येत नाही."

सबमिशनच्या आदल्या रात्री मी अर्धा तास त्याची समजूत घालत होतो. माझं म्हणणं हे, की क्रिएटिव्हमध्ये तू चित्र काढशील. बुरूज कुठे घ्यायचा हे कोणीच सांगणार नाही, म्हणून तो कुठेही घेशील. सर्व्हायव्हलमध्ये शत्रू, भूक आणि अंधार मिळून नकाशा काढून देतात. तुला फक्त तो देखणा करायचा असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

मग एकेक करत दुरुस्ती सुरू झाली.

क्रीपर आत आला कसा? तो आला नाही, आतच तयार झाला. 2021 च्या 1.18 आवृत्तीपासून हे प्राणी जिथे उजेड शून्य तिथेच उगवतात. (आधी सातपर्यंत उगवायचे, म्हणून जुने लोक अजून मशालींचं जंगल करतात.) एका मशालीचा उजेड स्वतःपाशी 14, पुढे दर ठोकळ्याला एकाने कमी. म्हणजे सपाट जागेवर दर बारा ठोकळ्यांवर मशाल पुरते. पण खोलीची भिंत मध्ये आली की हिशेब मोडतो. वाड्याची मागची खोली काळोखीच राहिली होती. यावर भावाने दिवाळीचा उपाय काढला : तटावर ओळीने मशाली, प्रत्येक खोलीत कंदील. संरक्षण झालं आणि सणही झाला!

दार समोरासमोर असलं की सांगाडे लांबूनच बाण मारतात, पण त्यांना तुम्ही दिसावं लागतं. इथे रायगड कामाला आला. तिथला महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये वळणात लपलेला आहे, गोमुखी म्हणतात ती बांधणी. समोरून येणाऱ्याला दारच दिसत नाही. भावाने दोन बुरूज पुढे काढले, वाट वळवली. एकही बाण आत आला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीची युक्ती स्वीडनच्या सांगाड्यांना लागू पडते हे बघून मला उगाच अभिमान वाटला.

कोळी भिंत चढतात. हिरकणीची गोष्ट आठवा : कडा उतरता येतो हे कळल्यावर महाराजांनी तिथे बुरूज बांधून घेतला म्हणतात. खेळात इतकं करायला नको, तटाच्या माथ्यावर एक ठोकळा बाहेर काढला की कोळी खालीच अडतो. आणि या सज्जाला खाली काही आधार द्यावा लागत नाही! वाळू आणि खडी सोडली तर बहुतेक ठोकळे हवेत तरंगतात. आमच्या सिव्हिलच्या सरांनी ते कॅंटिलिव्हर पाहिले तर व्हायवाला उभं करणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आजोबांना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. "याला मातीचा वास आहे का?" एवढंच विचारून ते पेपरात तोंड घालायचे. एका संध्याकाळी मात्र चष्मा वर करून भावाच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गडावर पाणी कुठाय?"

"खाली खाडी आहे की, आजोबा."

"खाडीचं पितोस होय रे? आणि वेढा पडला तर उतरणार खाली?"

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच बजावलंय. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा. आजोबांनी ते वाचलं होतं की नुसता अनुभव बोलला, माहीत नाही. डोंबिवलीत हंड्यांच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला वेगळं वाचावं लागत नसेल.

भावाने सांगितलं की खेळात तहान लागतच नाही आणि सगळं पाणी गोडं असतं. आजोबा म्हणाले, "मग खातोस काय?" बरोबर सापडला! भूक लागते, गहू लागतो, आणि शेत तो तटाबाहेर रात्री जीव मुठीत धरून करत होता. मग गडावर टाकं खणलं. दोन बाय दोनचा खड्डा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली, की ते कितीही उपसलं तरी आटत नाही. शिवाय पाण्याचा एक ठोकळा चहूबाजूंना चार ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली ठेवतो, म्हणजे नऊ बाय नऊचं शेत, मध्ये पाणी. उरलेल्या बादल्या तटाभोवतीच्या खंदकात. पाण्यात फुटलेला क्रीपर भिंतीचा एक दगडही हलवत नाही.

भाऊबीजेनंतर मी हॉस्टेलवर परतलो. गेल्या रविवारी फोन आला. आता आजोबा रोज अर्धा तास खुर्ची ओढून शेजारी बसतात. गडाला एकच दार असू नये म्हणून त्यांनी चोरवाट खणायला लावली. सरळ खाली खण, म्हणाले. ती थेट लाव्ह्याच्या तळ्यात निघाली. भाऊ सामानासकट जळाला आणि आजोबा म्हणतात, उतार चुकला, उद्या पलीकडून खणू.