शिफारशीचे पैसे कुठे गळतात?

छोट्या वेबसाइटवर मिक्सरची नीट पारख करून लिहिले, खाली दुकानाची लिंक दिली. त्या लिंकवरून वाचकाने खरेदी केली, तर लिहिणाऱ्याला कमिशन. ॲमेझॉनने अशी योजना १९९६ मध्ये सुरू केली.

हिशेब मांडू. समजा, महिन्याला हजार वाचक आले, पन्नास जणांनी लिंक दाबली आणि दोघांनी ३,००० रुपयांचा मिक्सर घेतला. ३ टक्के कमिशनने हाती येतात १८० रुपये. डोमेन-होस्टिंगचा खर्च त्यातूनच!

खरी गळती मात्र मधेच होते. लिंक दाबली की, वाचक कोणाकडून आला हे सांगणारी कुकी नावाची खूण ब्राउझरमध्ये बसते. ॲमेझॉनकडे तिची मुदत साधारण २४ तास. वस्तू तेवढ्या वेळात कार्टमध्ये टाकली तरच मुदत वाढते. आपल्याकडे मोठी खरेदी घरात विचारून, पगार झाल्यावर होते. तोवर खूण संपलेली असते. फोनवर वाचून लॅपटॉपवरून घेतले, तरीही कमिशन बुडू शकते.

दरही दुकानच ठरवते. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचे कमिशन ८ वरून ३ टक्क्यांवर आणले. मेहनत तीच, मोबदला निम्म्याहून कमी. मला हे अन्यायाचे वाटते. त्यात २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांना एआयने रचलेले उत्तर वरच दाखवते. तेवढ्यावर भागले, तर वाचक वेबसाइटपर्यंत येतच नाही.