राष्ट्रीय सभेची घटना : सुरत ते नागपूर

राष्ट्रीय सभेत १९०७ साली पडलेली फूट हा जहाल व मवाळ यांच्या मतभेदाचा परिणाम होय, असे सामान्यतः सांगितले जाते. हे खरे असले तरी पुरेसे नाही. मतभेदांचा निर्णय करण्याची सर्वमान्य पद्धती सभेजवळ नव्हती, हेही फुटीचे तितकेच महत्त्वाचे कारण होय.

१८८५ साली मुंबईच्या पहिल्या अधिवेशनास आलेले ७२ प्रतिनिधी कोणत्याही मतदारसंघाने निवडून दिलेले नव्हते. पुढेही निवडीचे नियम सैलच राहिले. अधिवेशन ज्या प्रांतात भरे, त्या प्रांताच्या प्रतिनिधींचा भरणा होई. त्यामुळे स्थळाची निवड हाच सत्तेचा प्रश्न बनला. १९०७ चे अधिवेशन नागपुरास ठरले होते. तेथे जहालांचा जोर दिसताच ते सुरतेस नेण्यात आले. कलकत्त्याचे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे १९०६ चे ठराव तेथे सौम्य केले जातील, अशी जहालांना धास्ती होती. अध्यक्षपदी रासबिहारी घोष यांची निवड होत असता टिळकांना बोलण्यास अनुज्ञा मिळाली नाही, आणि २७ डिसेंबर रोजी सभा उधळली.

१९०८ साली अलाहाबादेस मवाळांनी घटना तयार केली. साम्राज्यांतर्गत स्वराज्य व सनदशीर मार्ग या ध्येयास प्रत्येक प्रतिनिधीने लेखी संमती द्यावी, असे तीत ठरले. संस्थेस प्रथमच शिस्त लाभली. परंतु त्याच शिस्तीने विरोधकांस दार बंद झाले. टिळक त्याच वर्षी मंडालेस गेले व १९१४ साली सुटले. १९१५ साली गोखले व फिरोजशहा मेहता निवर्तले. त्या वर्षअखेरीस मुंबईच्या अधिवेशनात प्रतिनिधी निवडीचा नियम शिथिल करण्यात आला आणि १९१६ साली लखनौस दोन्ही पक्ष एकत्र आले.

१९२० साली, ज्या नागपुरास तेरा वर्षांपूर्वी टाळले गेले तेथेच, चार आणे वर्गणीचे सभासदत्व, भाषावार प्रांतिक समित्या व पंधरा जणांची कार्यकारिणी यांची योजना संमत झाली. वार्षिक मेळाव्याचे रूपांतर पक्षात झाले ते येथे. यामुळे कलह संपले असे नव्हे. १९३९ साली अध्यक्षपदी मतदानाने निवडून आलेल्या सुभाषचंद्र बोसांना काही महिन्यांतच राजीनामा द्यावा लागला. तथापि तो संघर्ष मतपत्रिका व ठराव यांच्या द्वारे झाला, मंडपातील दंगलीने नव्हे. घटना मतभेद मिटवीत नाही. ते कोठे व कसे लढावयाचे, एवढेच ती ठरविते. ती सर्वांनी मिळून केलेली नसेल, तर तेवढेही तिच्याने साधत नाही.