चांदोलीचे वन आणि वारणाकाठची शेती

वारणाकाठच्या शेतकऱ्यास त्याच्या पाण्याचा आधार कोणता असे विचारले, तर तो चांदोलीच्या धरणाकडे बोट दाखवील. ते योग्यच आहे. शिराळा तालुक्यातील या मातीच्या धरणात सुमारे ३४.४० अब्ज घनफूट पाणी साठते, आणि त्यावर सांगली व कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांतील ऊस, भात व भाजीपाला पिकतो. परंतु धरण पाणी साठविते, निर्माण करीत नाही. वसंतसागर जलाशयास पाणी पुरविणारे डोंगर चांदोली राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि त्या डोंगरांवरील वन हे या खोऱ्याचे पहिले धरण होय. म्हणून या वनाची ओळख प्रत्येक बागायतदारास असावयास हवी.

वनाचे स्वरूप

सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकत्र येतात, तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर हे वन पसरले आहे. १९८५ साली ते अभयारण्य झाले. २००४ साली ३१७.६७ चौरस किलोमीटर क्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प करण्यात आला, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला.

अक्षांशाने हा प्रदेश उष्ण कटिबंधात मोडतो. तथापि सुमारे ६०० ते १००० मीटर उंची, धुके आणि गार वारे यांमुळे येथील वनाची प्रकृती बदलते. म्हणून त्याच्या बऱ्याच भागाची गणना उपोष्ण डोंगरी वनांत केली जाते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा हे येथील प्रमुख वृक्ष होत. वाऱ्याच्या माऱ्यामुळे माथ्यावरील झाडे खुजी राहतात, तर घळींतील झाडे उंच वाढतात. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा चिमुकल्या वनस्पती फुलतात. उतारांवर कारवीची दाट झुडुपे माती धरून ठेवतात.

झाडाखालची साठवण

वारणेच्या उगमाकडील पाथरपुंज येथे काही वर्षी ७००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढा पाऊस उघड्या उतारावर पडला, तर थेंबांच्या माऱ्याने मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि सुपीक थर घेऊन ते धावत सुटते. तोच गाळ पुढे जलाशयात साचतो. वनात मात्र थेंब प्रथम पानांवर आदळतो आणि मग पाचोळ्यावर ठिबकतो. मुळांनी व किड्यांनी पोखरलेल्या भुसभुशीत मातीतून तो खाली उतरतो. हे मुरलेले पाणी पावसाळा संपल्यावर झऱ्यांतून हळूहळू बाहेर पडते.

उसाचे पाचट न जाळता ते सरीत पसरणारा शेतकरी जे आपल्या शेतात साधतो, तेच वन डोंगरावर साधते. हिवाळा-उन्हाळ्यात लागणारा वणवा हे आच्छादन काही तासांत नष्ट करतो. अतिवृष्टीत माती पूर्ण भिजल्यावर वनही महापूर थोपवू शकत नाही, हे २०१९ च्या पुराने दाखविले. परंतु वन नसते, तर पाण्याबरोबर कितीतरी अधिक माती वाहून आली असती.

वन्यप्राण्यांचे कार्य

गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, बिबट्या, रानकुत्री व शेकरू हे प्राणी येथे आढळतात. वाघ विरळ आहे. मे २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र टिपले होते. हे प्राणी वनाची शोभा आहेत, एवढेच त्यांचे महत्त्व नव्हे. अस्वल, उदमांजर व धनेश फळे खाऊन बिया दूरवर पसरवितात. रानकुत्री आणि बिबट्या हे सांबर, भेकर व रानडुक्कर यांच्या संख्येस आळा घालतात. हे भक्षक नाहीसे झाले, तर चरणारे प्राणी वाढून कोवळी रोपे टिकणार नाहीत, आणि रानडुकरांचा उपद्रवही वाढेल.

बांधावरचा प्रश्न

असे असले तरी गवा भातात शिरला वा रानडुकरांनी ऊस पाडला, तर झालेले नुकसान एकट्या शेतकऱ्यास सोसावे लागते. हे दुःख खरे आहे, त्यास उपदेशाने उत्तर देता येत नाही. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुकसानीच्या खुणा पुसल्या जाण्यापूर्वी नजीकच्या वनरक्षकास कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण शासकीय भरपाईसाठी तो आवश्यक असतो. कुंपणात विजेचा प्रवाह चोरून सोडू नये. त्याने वन्यप्राण्यांप्रमाणेच रात्री पाण्याची पाळी देणाऱ्या माणसांचाही बळी जातो, आणि तो गुन्हा आहे. शेतात आलेल्या गव्यास घेरू नये. परतीची वाट मोकळी ठेवावी.

गुरांना लाळ-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी. रोगी गुरे वनाच्या कडेला चरली, तर तो रोग गव्यांत शिरू शकतो. १९६८ साली बंदीपूर व मुदुमलईच्या वनांत बुळकांडीने गव्यांचे कळपच्या कळप दगावले. लसीकरणाच्या बळावर २०११ पर्यंत बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाले, हे विसरू नये. बांध जाळताना ठिणगी डोंगराकडे जाणार नाही, अशी दक्षता घ्यावी, आणि वणवा दिसताच गावाने एकजुटीने धावून जावे.

या खोऱ्यातील अनेक गावे प्रथम धरणासाठी व नंतर वन्यजीवांसाठी उठली. त्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन सोडली. त्यांपैकी कित्येकांचे जमिनीचे व पाण्याचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले. त्यांनी मोकळ्या केलेल्या डोंगरावरून आलेले पाणी आज खालच्या शिवारांत खेळते आहे. त्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्याने विस्थापितांच्या मागण्यांना साथ द्यावी आणि वरचे वन राखावे. या पाण्याचे मोल त्याने एवढे तरी द्यावे.