बीटलचं नाक झुकवताना

आखातातल्या गाड्यांची हौस उंचीची आहे. लिवाच्या वाळवंटात तल मोरीबचा सुमारे 300 मीटर उंचीचा वाळूचा डोंगर चढायला जी निसान पट्रोल तयार होते, तिच्या इंजिनाला टर्बो बसतो आणि स्प्रिंगा उंच होतात. अबू धाबीच्या दक्षिणेला शेख हमद बिन हमदान अल नह्यान यांच्या संग्रहालयात 1950 च्या दशकातल्या डॉज पॉवर वॅगनची प्रचंड प्रतिकृती उभी आहे. लांबी, रुंदी, उंची, सगळंच मूळ ट्रकच्या चौपट. अशा देशात कुणी जुन्या फोक्सवॅगन बीटलचं नाक जमिनीकडे झुकवायला घेतलं, तर शेजारी थांबून बघणारच.

ही रीत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी पाडली: मागची बाजू आहे तशी, पुढची खाली, जणू गाडी उभ्या उभ्याच निघाली आहे. दिसायला ती सुंदर दिसते, यात वाद नाही. मला मात्र या कामाची ओढ वेगळ्या कारणाने आहे. गाडी खाली आणणं कुणालाही जमतं. खाली आणल्यावर ती सरळ चालली पाहिजे, गतिरोधकावर आपटता कामा नये, ब्रेक दाबला की भरकटता कामा नये. हे जमवण्यात कारागिरी आहे, आणि ती घरच्या अंगणात शिकायची तर बीटलसारखी गाडी नाही.

याचं श्रेय तिच्या पुढच्या बीमला. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने 1931 मध्ये टॉर्शन बार सस्पेन्शनचं पेटंट घेतलं. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांनी ते वापरलं, बीटलने वापरलं, पुढे पोर्शे 356 नेही. बीटलमध्ये एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या असतात. प्रत्येक नळीत पोलादी पट्ट्यांची जुडी, टोकांना दोन्ही बाजूंचे आर्म. जुडी मधोमध एका स्क्रूने घट्ट धरलेली असते. चाक वर उचललं गेलं की आर्म फिरतो आणि पट्ट्या ओला पंचा पिळावा तशा पिळल्या जातात. तो पीळ उलगडू बघतो, तीच स्प्रिंग. गुंडाळी नाही, कमानपाटा नाही, बाहेरून काही दिसतही नाही.

यातून घरच्या मेस्त्रीला मोठा दिलासा मिळतो. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीला किंवा आखातात एके काळी सर्रास दिसणाऱ्या मर्सिडीज डब्ल्यू 123 ला पुढे कॉइल स्प्रिंग आहे. ती दाबलेल्या अवस्थेत निसटली तर माणसाच्या जिवावर बेतते. योग्य कॉम्प्रेसर हाताशी नसेल तर तिथे हात घालूच नये. बीटलचा आर्म चाक लोंबकळत असताना जवळजवळ सैल असतो. शिवाय अख्खा बीम चासीच्या डोक्याला चार बोल्टांनी लागलेला असतो, वर बॉडीचे दोन. ते सोडले की सगळं सस्पेन्शन गाडीखालून बाहेर काढून कामाच्या टेबलावर ठेवता येतं.

त्याआधी गाडी नीट बघावी. 1970 पासून आलेल्या 1302 आणि पुढच्या 1303 या मॉडेलांत हा बीमच नाही, तिथे स्ट्रट आहेत. पुढची डिकी उघडली की कळतं: स्टेपनी नाकाशी उभी असेल तर बीम, तळाशी आडवी झोपलेली असेल तर स्ट्रट. दुसरा भेद वर्षाचा. 1965 पर्यंतच्या बीममध्ये किंगपिन आणि लिंकपिन, 1966 च्या मॉडेलपासून बॉल जॉइंट. बॉल जॉइंटची गाडी फार खाली आणली की जॉइंट तिरका होऊन अडतो आणि लवकर झिजतो. लिंकपिनवाला बीम जास्त सोसतो, म्हणून खूप खाली जाणारे तोच शोधतात.

अमिरातीत या कामाला ऋतू पाळावा लागतो. 15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरच्या कामगारांना दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते. घरच्या हौशी माणसाने तर उन्हाळाभर पाना उचलूच नये. नोव्हेंबर ते मार्च, सकाळची वेळ, व्हिलाच्या शेडखालची पक्की फरशी. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी उघडू देत नाहीत, तेव्हा फ्लॅटमधल्या माणसाला मित्राची शेड गाठावी लागते. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही. बीमच्या मागेच पेट्रोलची टाकी आहे, ती आधी रिकामी करून उतरवायची. डाव्या चाकाच्या हबमधून स्पीडोमीटरची केबल जाते, तिची छोटी पिन काढायला विसरलं तर केबल तुटते.

थंड देशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बीम कुजतो. इथे पत्रा तगतो, रबर मरतं. बॉल जॉइंटच्या टोप्या, टाय रॉडची बूट, ब्रेकचे होज हे सगळं उन्हाने तडकलेलं असतं. तडकलेल्या रबरातून बारीक वाळू आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि त्याचं घासकाम सुरू होतं. नळ्यांवरच्या चार निपलांतून नवं ग्रीस भरताना आधी काळी, करकरीत लापशी बाहेर येते. स्वच्छ ग्रीस येईपर्यंत पंप थांबवू नये. बीम खाली काढलाच आहे तर आतली बेअरिंगही तपासावीत. हा खर्च टाळणाऱ्याची गाडी खाली जाते पण चालत नाही.

आता खाली आणायचं कसं? एक वाट जुडीचा मधला आधार फिरवण्याची. नळीचा मधला भाग कापून दातेरी अ‍ॅडजस्टर वेल्ड करतात, मग आर्मचा आरामाचा कोन हवा तसा बदलता येतो. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, पण चाकाला वर जायला जागा कमी उरते. घरी काय करावं आणि काय करू नये याची रेघ मी इथे ओढतो: बीम काढणं, पट्ट्या उपसणं, परत बसवणं अंगणात, वेल्डिंग मात्र शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात किंवा दुबईच्या अल क्वोझमध्ये, ज्याचा हात त्यात बसला आहे त्याच्याकडून. वेल्डिंगआधी पट्ट्या बाहेर काढायच्याच, कारण तापलेल्या पोलादाचं पाणी उतरतं.

दुसरी वाट मला अधिक पसंत आहे: ड्रॉप स्पिंडल. चाक ज्या दांड्यावर फिरतं तो दांडाच सुमारे अडीच इंच वर सरकवलेला असतो. गाडी खाली येते, आर्म मूळ जागी राहतात, उसळायला जागा पूर्ण मिळते. दुसऱ्या महायुद्धात बीटलच्याच सांगाड्यावर बनलेली क्यूबेलवागन उत्तर आफ्रिकेच्या वाळूत धावली. तिची जमिनीपासूनची उंची वाढवायला पुढच्या चाकांचा दांडा खाली सरकवला होता. तीच युक्ती, उलट दिशेने.

यानंतरचं काम बहुतेक जण सोडून देतात, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2400 मिलिमीटर. नाक 5 सेंटिमीटर झुकलं की अख्खी चासी सुमारे 1.2 अंशांनी पुढे कलते आणि तेवढाच कॅस्टर कमी होतो. कॅस्टरमुळे स्टेअरिंग सोडल्यावर चाकं आपोआप सरळ होतात. बीटलचं इंजिन मागे, नाक हलकं. कॅस्टर गेला की शेख झायेद रोडवर शेजारून ट्रेलर गेला तरी गाडी हलते. उपाय साधा आणि स्वस्त आहे: खालची नळी आणि चासी यांच्यामध्ये कॅस्टर शिम घालायच्या, म्हणजे ती नळी किंचित पुढे सरकते. बोल्ट त्या मानाने लांब घ्यायचे. अ‍ॅडजस्टरने खाली आणलेल्या गाडीला आखूड शॉकअब्सॉर्बर लागतात. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, दोरी आणि टेपने घरी जुळवता येतं, पण शेवटी मशीनवर बघून घ्यावं. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर मडगार्डला किंवा होजला घासत नाही ना, हे गाडी जमिनीवर उभी असताना तपासावं.

मग पासिंग. जुन्या गाडीला दर वर्षी तस्जीलसारख्या केंद्रात तपासणीला उभं राहावं लागतं. परवान्याशिवाय चासीत बदल केला तर दंड, काळे गुण आणि गाडी जप्त, असा कायदा आहे. तेव्हा कापण्या-जोडण्याआधी परवानगीची चौकशी करावी, नंतर नव्हे. बोल्टने बसणारे भाग निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

आणि मूळ बीम विकू नये. पट्ट्यांना ग्रीस लावून, नळ्यांची तोंडं बांधून तो सावलीत ठेवावा. बीटलचं उत्पादन मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे 2003 च्या जुलैमध्ये थांबलं, एकूण 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या झाल्यावर. बाजारात मिळणारे नवे बीम पुष्कळ आहेत, पण त्या गाडीबरोबर कारखान्यातून आलेला एकच. शारजात विमानतळाजवळच्या क्लासिक कार्स म्युझियममध्ये जाऊन बघितलं की मूळ स्थितीतल्या गाडीची किंमत काय असते ते कळतं. उद्या तुमच्या मुलीला ही बीटल जशी निघाली होती तशी हवी असेल, तर तेच बोल्ट सोडून तिला ती तशी करता आली पाहिजे.